भीतीची रचना : भयपटांची पोस्टरं आपल्याला कशी घाबरवतात

रात्रीची वेळ आहे, रस्त्यावर धुकं उतरलंय. डोक्यावर हॅट आणि हातात बॅग घेतलेला एक माणूस एका घरासमोर उभा आहे. त्याचा चेहरा दिसत नाही, दिसते ती फक्त काळी आकृती. वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून उजेडाचा झोत बाहेर पडतो आणि नेमका त्याच्या अंगावर येतो. १९७३ साली प्रदर्शित झालेल्या ‘द एक्झॉर्सिस्ट’च्या पोस्टरवर एवढंच आहे. त्यावर रक्त नाही, भूत नाही, किंचाळणारा चेहरा नाही. ज्या मुलीला सैतानानं झपाटलेलं असतं, ती मुलगीही नाही. तरी पन्नास वर्षं उलटून गेल्यावरही हे पोस्टर समोर आलं की अंगावर काटा येतो.

हा काटा कुठून येतो, ते शोधायचं तर उजेडाची दिशा पाहायला हवी. काळोखातून चालणाऱ्या माणसाला दूरवर खिडकीत उजेड दिसला, की त्याचा जीव भांड्यात पडतो. उजेड म्हणजे घर, माणसं, आसरा. या पोस्टरवर मात्र संकट आहे ते उजेडाच्या खोलीत, आणि काळोखात उभा आहे तो मदतीला आलेला धर्मगुरू. उजेड आणि अंधार यांनी आपापल्या जागा बदलल्या आहेत. हे दृश्य मूळ चित्रपटातलं. बेल्जियन चित्रकार रने माग्रीत यांच्या ‘एम्पायर ऑफ लाइट’ या चित्रमालिकेवरून ते सुचल्याचं दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन यांनी सांगितलं होतं. त्या चित्रांमध्ये खाली दिवे लागलेला रात्रीचा रस्ता आहे आणि वर लख्ख दुपारचं आकाश. पोस्टर करणारे बिल गोल्ड हे ‘कॅसाब्लांका’पासून हॉलिवूडची पोस्टरं करत आलेले मुरलेले डिझायनर. चित्रपटातल्या असंख्य भयंकर दृश्यांमधून त्यांनी हे सगळ्यात शांत दृश्य निवडलं आणि त्यावर भिस्त ठेवली.

भयपटांची गाजलेली पोस्टरं एकापुढे एक ठेवून पाहिली की त्यांच्यातलं एक सूत्र हाती लागतं. आपल्या पाहण्याला काही पक्क्या सवयी असतात. उजेड वरून येतो, चेहऱ्याला दोन डोळे आणि एक तोंड असतं, जवळची वस्तू मोठी दिसते, छापलेली अक्षरं एका ओळीत शिस्तीत उभी असतात. या गोष्टी आपण रोज गृहीत धरतो, म्हणून त्यांच्याकडे आपलं लक्षही जात नाही. चांगलं भयपोस्टर यातली एखादीच सवय निवडतं आणि तेवढीच मोडतं. बाकी सगळं जागच्या जागी असतं. त्यामुळे काहीतरी बिनसलंय हे आपल्याला आधी जाणवतं आणि काय बिनसलंय हे नंतर कळतं. भीती जन्मते ती या दोन क्षणांच्या मधल्या फटीत.

हडळीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हे सूत्र ओळखीचं वाटेल. गोष्टीतली हडळ दिसायला चारचौघींसारखी बाई असते. ती बोलते, रस्ता विचारते, हाक मारते. तिची फक्त पावलं उलटी असतात. दहा तोंडांचा रावण पाहून मूल टाळ्या पिटतं, पण उलट्या पावलांच्या बाईचं नाव काढलं की तेच मूल पांघरुणात शिरतं. सगळं नीट असताना एकच गोष्ट चुकीची असणं किती भयंकर, हे आपल्या गोष्टी सांगणाऱ्यांना फार आधीपासून ठाऊक होतं.

उजेड कुठून येतो?

सूर्य डोक्यावर असतो, म्हणून आपला मेंदू उजेड वरूनच येणार असं धरून चालतो. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे साध्या वर्तुळांवर दाखवून दिलं. वरचा भाग उजळ आणि खालचा गडद असलेलं वर्तुळ आपल्याला फुगीर दिसतं. तेच वर्तुळ उलटं फिरवलं की खड्डा दिसू लागतो. कागद तोच, शाई तीच, फक्त उजेडाबद्दलचं आपलं गृहीतक चित्राचा अर्थ बदलून टाकतं.

माणसाचा चेहराही याच नियमानं वाचला जातो. एरवी भुवयांची सावली डोळ्यांवर पडते आणि नाकाची सावली ओठांवर. दिवा हनुवटीखाली धरला की हा सगळा हिशेब उलटतो. नाकपुड्या आणि भुवयांचा खालचा भाग उजळतो, सावल्या कपाळाकडे चढतात आणि ओळखीचा चेहरा परका होतो. भयपटांच्या छायाचित्रकारांनी ही युक्ती पहिल्यापासून वापरली आणि पोस्टर रंगवणाऱ्यांनी ती त्यांच्याकडून उचलली.

सावलीची गोष्ट याहून जुनी आहे. १९२० सालच्या ‘द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगरी’ या जर्मन मूकपटात भिंतींवरच्या आणि रस्त्यांवरच्या सावल्या चक्क रंगानं काढलेल्या होत्या. घरं तिरकी होती, खिडक्यांना टोकं होती, एकही रेषा सरळ नव्हती. चित्रपट लागण्याआधी बर्लिनमध्ये त्याची जाहिरात झाली तीही अशीच विचित्र. ‘तू कॅलिगरी व्हायलाच हवंस’ अशा अर्थाचं वाक्य लोकांच्या नजरेस पडत होतं, पण हा कॅलिगरी कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. दोनच वर्षांनी आलेल्या ‘नोस्फेराटू’चं दृश्यरूप घडवणारे आल्बिन ग्राउ यांनी त्याची जाहिरातचित्रंही स्वतःच काढली, म्हणून पडदा आणि पोस्टर एकाच हातचे वाटतात. त्या चित्रपटातली जिना चढणारी लांब बोटांची सावली आज शंभर वर्षांनीही जगभरच्या पोस्टरांवर पुन्हापुन्हा उमटते. सावली दिसते याचा अर्थ ती पाडणारा जवळपास आहे. तो चौकटीबाहेर नेमका किती अंतरावर उभा आहे, हे ठरवण्याचं काम आपल्या मनावर सोपवलेलं असतं.

उजेडाचा सगळ्यात धाडसी वापर मला ‘द थिंग’च्या पोस्टरमध्ये दिसतो. जॉन कार्पेंटर यांचा हा १९८२ सालचा चित्रपट अंटार्क्टिकातल्या एका संशोधन तळावर घडतो. परग्रहावरचा एक जीव तिथल्या कुठल्याही माणसाचं रूप घेऊ शकतो. पोस्टरचं काम चित्रकार ड्रू स्ट्रूझन यांच्याकडे आलं तेव्हा हातात जेमतेम एक रात्र होती आणि त्यांनी चित्रपट पाहिलेला नव्हता. त्यांनी बर्फात उभा असलेला, जाड कोट घातलेला माणूस रंगवला आणि टोपीत जिथे चेहरा असायला हवा तिथे डोळे दिपवणारे प्रकाशाचे झोत काढले. चित्र न्यायला माणूस आला तेव्हा रंग पुरता वाळलाही नव्हता. चेहरा अंधारानं झाकणं हा नेहमीचा मार्ग आहे. स्ट्रूझन यांनी तो उजेडानं पुसून टाकला. समोरचा माणूस कोण आहे हे कळत नाही, हेच त्या चित्रपटातलं भय, आणि तेच कथेतलं काहीही न सांगता पोस्टरवर उतरलं.

चेहऱ्यातलं एकच काहीतरी

चेहरे ओळखण्यात माणूस इतका तरबेज आहे की ढगांत, भिंतीवरच्या ओल्या डागांत, गाडीच्या दिव्यांतसुद्धा त्याला चेहरे दिसतात. त्यातही डोळे सगळ्यात महत्त्वाचे. घाबरलेल्या माणसाचे डोळे विस्फारतात आणि बुबुळांभोवतीचा पांढरा भाग जास्त दिसू लागतो. पॉल व्हेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लोकांना डोळ्यांचा फक्त पांढरा भाग सुमारे १७ मिलिसेकंद, म्हणजे काही पाहिलं असं कळणारही नाही इतका कमी वेळ, दाखवला होता. तो घाबरलेल्या डोळ्यांचा असेल तेव्हा मेंदूतला अमिग्डाला हा धोक्याची दखल घेणारा भाग जास्त सक्रिय झाला. पोस्टरवरचे विस्फारलेले डोळे आपल्या विचाराआधी आपल्यापर्यंत पोचतात ते यामुळे.

पण ही युक्ती सगळ्यांनाच माहीत असल्यानं विस्फारलेले डोळे आणि उघडं तोंड यांचा वापर अतोनात झाला. जे डिझायनर वेगळे ठरले त्यांनी चेहऱ्यातली एकच गोष्ट काढून घेतली. ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’च्या पोस्टरवर (१९९१) जोडी फॉस्टर यांचा फिकट, स्थिर चेहरा आहे आणि ओठांवर एक पतंग बसलाय. डोळे सरळ आपल्याकडे पाहतात. चेहऱ्यावर भीती नाही, ओरखडाही नाही. फक्त तोंड बंद केलेलं आहे. डॉन बेली यांच्या या रचनेत आणखी एक थर दडलाय. त्या पतंगाच्या पाठीवर जी कवटी दिसते, ती जवळून पाहिल्यावर सात विवस्त्र स्त्रियांच्या देहांनी बनलेली आढळते. छायाचित्रकार फिलिप हॅल्समन यांनी साल्वादोर दाली यांच्यासह १९५१ साली केलेल्या एका प्रसिद्ध छायाचित्रातून ती घेतली आहे. चित्रपट स्त्रियांचे खून करणाऱ्या माणसाबद्दलचा आहे आणि त्याचं सार त्या नखाएवढ्या जागेत ठेवलेलं आहे. बहुतेक प्रेक्षकांना ते दिसलंही नसेल. पण ज्याला दिसलं, त्याला ते पोस्टर पुन्हा पहिल्यासारखं पाहता आलं नसेल.

जपानी भयपटांनी केसांचा पडदा आणला. १९९८ सालच्या ‘रिंग’मधली सदाको आपल्या लांब काळ्या केसांनी चेहरा झाकून घेते. ताकाशी शिमिझू यांच्या ‘द ग्रज’ या २००४ सालच्या हॉलिवूडपटाच्या पोस्टरवर केसांच्या आडून एकच डोळा पाहत राहतो. दुसरा डोळा कुठे आहे, कसा आहे, हे आपलं मन शोधत बसतं. मोकळे सोडलेले केस आपल्याकडच्या भुताखेतांच्या गोष्टींतही आहेत, म्हणून भारतीय प्रेक्षकाला ही प्रतिमा परकी वाटली नाही. अलीकडच्या ‘स्माइल’ने (२०२२) तर चेहऱ्यावर काहीच झाकलं नाही. फक्त हसू थोडं जास्त ताणलं. प्रसिद्धीसाठी बेसबॉल सामन्यांच्या प्रेक्षकांत काही माणसं तसंच हसू चेहऱ्यावर धरून, न हलता, कॅमेऱ्याकडे पाहत बसवली होती. हसू उमटतं आणि विरतं, ही आपली सवय. न विरणारं हसू पाहवत नाही.

पाण्याखाली काय आहे

‘जॉज’चं पोस्टर तर चित्रपट न पाहिलेल्यांनाही पाठ असतं. वर पोहणारी एकटी स्त्री, खालून सरळ वर येणारा शार्क, त्याचे वाकडेतिकडे दात. हे चित्र मुळात पुस्तकासाठी काढलेलं होतं. पीटर बेंचली यांच्या कादंबरीची स्वस्त आवृत्ती निघाली तेव्हा रॉजर कॅस्टेल यांनी ते रंगवलं. त्यासाठी ते न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात जाऊन शार्कचे नमुने पाहून आले होते. १९७५ साली स्टीव्हन स्पिलबर्ग यांच्या चित्रपटासाठी तेच चित्र वापरलं गेलं.

या चित्रातली मापं पाहा. शार्क त्या बाईच्या कितीतरी पट मोठा आहे, खऱ्या शार्कपेक्षा आणि चित्रपटातल्या शार्कपेक्षाही मोठा. तरी ते आपल्याला खोटं वाटत नाही, कारण खोल पाण्यात काय असेल याची आपली धास्तीही तेवढीच मोठी असते. बाई आडवी आहे आणि शार्क उभा. दोन्ही रेषा पुढच्याच क्षणी एकमेकींना छेदणार, हे डोळ्यांना आपोआप कळतं. शार्कचं डोकं म्हणजे वर टोक असलेला त्रिकोण. मोशे बार आणि माइटल नेटा या संशोधकांनी २००६ सालापासून केलेल्या प्रयोगांत असं आढळलं की टोकदार आकारांपेक्षा गोलाकार वस्तू लोकांना जास्त आवडतात, आणि टोकदार आकार पाहताना अमिग्डाला जास्त सक्रिय होतो. धोक्याचा आकार मेंदूला वस्तू ओळखण्याआधी कळतो, तो असा.

पण या चित्राचं खरं बळ पाण्याच्या पृष्ठभागाच्या त्या पातळ रेषेत आहे. आपल्याला पाण्याच्या वरचंही दिसतं आणि खालचंही. त्या बाईला मात्र फक्त वरचं दिसतं. आल्फ्रेड हिचकॉक यांनी उत्कंठा कशी निर्माण होते, हे टेबलाखालच्या बॉम्बच्या उदाहरणानं समजावलं होतं. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीत असेल आणि टेबलाशी बसलेल्यांना नसेल, तर मिनिटं न् मिनिटं जीव टांगणीला लागतो. पोस्टर हलत नाही, त्याला आवाज नाही, म्हणून दचकवणं त्याला जमत नाही. टांगणीला लावणं मात्र त्याला फार चांगलं जमतं, कारण पोस्टरमधला पुढचा क्षण कधीच येत नाही. ती बाई १९७५ पासून पोहते आहे आणि तो शार्क १९७५ पासून वर येतो आहे. चित्रपटात यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात वारंवार बिघडत होता. त्यामुळे स्पिलबर्गना तो बराच काळ न दाखवताच काम भागवावं लागलं. पडद्यावर दिसत नसलेला शार्क प्रेक्षक पोस्टरवरून मनात घेऊनच आत गेले होते.

रिकामी जागा हे याच्या पुढचं पाऊल. १९६८ सालच्या ‘रोझमेरीज बेबी’च्या पोस्टरवर मिया फॅरो यांचा आकाशाकडे वळलेला चेहरा हिरव्या धूसर रंगात जवळजवळ सगळी जागा व्यापतो, आणि त्यापुढे एका उंचवट्यावर छोटीशी काळी बाबागाडी उभी आहे. बाबागाडीत कोण आहे ते दिसत नाही, तिच्याजवळ कुणी उभंही नाही. बाळाची गाडी एकटी सोडलेली कुणालाच पाहवत नाही, आणि त्या एका गोष्टीवर सगळं पोस्टर उभं आहे. स्टीफन फ्रँकफर्ट आणि फिलिप गिप्स हे त्याचे कर्ते जाहिरातीच्या आणि ग्राफिक डिझाइनच्या क्षेत्रातून आलेले. एका जाहिरातीत एकच कल्पना मांडायची, ही तिथली त्या काळातली शिस्त त्यांनी पोस्टरमध्ये आणली. त्याआधीच्या पोस्टरांवर नट, नटी, राक्षस, किल्ला, वीज असं सगळं एकत्र गर्दी करून असायचं.

त्याच गिप्स यांनी १९७९ साली ‘एलियन’चं पोस्टर केलं. संपूर्ण काळा कागद, मधोमध एक अंडं, त्याला तडा गेलेला आणि तड्यातून गळणारा हिरवट उजेड. अंतराळात तुमची किंकाळी कुणालाही ऐकू जाणार नाही, अशा अर्थाची खालची प्रसिद्ध ओळ त्यांच्या पत्नी बार्बरा गिप्स यांची. चित्रपटातली अंडी चामड्यासारखी आहेत, वरून पाकळ्यांसारखी उघडणारी. पोस्टरवरचं अंडं मात्र कोंबडीच्या अंड्याच्या जवळ जाणारं आहे. ते तसं आहे म्हणूनच चालतं. परग्रहावरचं अनोळखी अंडं पाहून कुतूहल वाटलं असतं. ओळखीच्या अंड्यातून भलतंच काही बाहेर येणार असेल, तर भीती वाटते.

तुटलेली अक्षरं, रात्रीचे रंग

पोस्टरवरचं नाव वाचण्यासाठी असतं, म्हणून त्याच्या रूपाकडे आपण सहसा पाहत नाही. टोनी पॅलाडिनो यांनी रॉबर्ट ब्लॉक यांच्या ‘सायको’ या १९५९ सालच्या कादंबरीच्या मुखपृष्ठासाठी अक्षरं मधोमध चिरून थोडी सरकवली. शब्द सहज वाचता येतो, पण तो शाबूत नाही. दुभंगलेल्या मनाची गोष्ट त्या सहा इंग्रजी अक्षरांतच सांगून झाली. ही अक्षररचना हिचकॉक यांच्या १९६० सालच्या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी विकत घेतली गेली. पुढे ‘द शायनिंग’साठी (१९८०) सॉल बॅस यांनी असंख्य कच्ची रेखाटनं केली, स्टॅन्ली क्युब्रिक यांनी त्यांतली बरीचशी नाकारली, आणि अखेर नावाच्याच जाडजूड अक्षरात ठिपक्यांनी बनलेला एक भयचकित चेहरा बसला. अक्षराच्या आत कुणीतरी कोंडलंय, असं तिथे वाटतं.

देवनागरीत या खेळाला वेगळी जागा मिळते, ती शिरोरेषेमुळे. वर आडवी सरळ रेषा आणि तिला खाली लोंबणारी अक्षरं, ही आपल्या लिपीची ठेवण. रक्ताचे ओघळ काढणाऱ्या पेंटरला ती आयतीच मिळाली. हिंदी भयपटांच्या नावांमधून ठिबकणारं रक्त आपण पिढ्यान् पिढ्या पाहत आलो. त्याच लिपीत शिरोरेषा एकाच ठिकाणी तोडली, तर ‘सायको’इतका परिणाम साधता येईल. ती शक्यता अजून फारशी कुणी वापरलेली नाही.

रंगांचंही एक शरीरशास्त्र आहे. उजेड कमी होतो तसतसा लाल रंग आपल्याला काळपट दिसू लागतो, आणि निळे-हिरवे रंग त्या मानानं उजळ राहतात. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे नोंदवलं. म्हणून निळसर किंवा हिरवट झाक दिली की भर दुपारी भिंतीवर लावलेल्या पोस्टरमध्येही रात्र होते. त्या रात्रीत लाल रंग मंदावायला हवा. पण पोस्टरवर तो भडक असतो, म्हणून तो निसर्गाविरुद्ध उभा राहतो आणि डोळ्यांत घुसतो. माणसाच्या कातडीला हिरवी झाक दिली की आजार आणि मरण आठवतं, कारण त्यातून रक्ताची लाली गेलेली असते.

रॅमसेंच्या भिंती

आता उलट टोकाकडे येऊ. भारतीय पोस्टरची परंपरा चित्रकारांची आहे, आणि तिच्या मुळाशी कोल्हापूर आहे. बाबूराव पेंटर यांनी १९२४ साली ‘कल्याण खजिना’साठी केलेलं पोस्टर हे देशातलं आज उपलब्ध असलेलं सगळ्यात जुनं चित्रपट-पोस्टर मानलं जातं. पुढे मुंबईच्या स्टुडिओंमध्ये ही कला फोफावली आणि तिथून ती रॅमसे बंधूंच्या भयपटांपर्यंत आली.

रॅमसे कुटुंब भयपटाकडे वळलं तेच एका मुखवट्यामुळे. त्यांच्या ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ (१९७०) या चित्रपटात पृथ्वीराज कपूर विचित्र मुखवटा घालून चोरी करतात असा प्रसंग होता. चित्रपट पडला, पण त्या एका प्रसंगाला प्रेक्षक घाबरत होते. त्यातून १९७२ साली महाबळेश्वरात अगदी कमी पैशात ‘दो गज जमीन के नीचे’ तयार झाला. मग ‘पुराना मंदिर’ (१९८४), ‘वीराना’ (१९८८), ‘बंद दरवाजा’ (१९९०) अशी रांग लागली.

या चित्रपटांची पोस्टरं काहीही लपवत नाहीत. वर राक्षसाचं अक्राळविक्राळ डोकं, खाली किंचाळणारी नायिका, बाजूला पडका वाडा, वीज, त्रिशूळ, कब्रस्तान आणि एखादं प्रेमी युगुलही. चेहऱ्याचा अर्धा भाग लाल, अर्धा हिरवा. रंगाचे फटकारे इतके जाड की ब्रशाची दिशा कळावी. एकाच कल्पनेची शिस्त शिकलेल्या डिझायनरला हा गोंधळ वाटेल, पण त्यामागे पक्का हिशेब होता. हे पोस्टर खळीनं चिकटवलं जायचं ते बसस्टँडच्या भिंतीवर, बाजाराच्या नाक्यावर, इतर दहा पोस्टरांच्या गर्दीत. पाहणारा सायकलवरून किंवा एसटीच्या खिडकीतून ते ओझरतं पाहणार. त्यातल्या अनेकांना वाचता येत नसे. त्यांना भूत आहे, गाणी आहेत, देवाचा विजय आहे, हे सगळं एका दृष्टिक्षेपात सांगावं लागे. गावोगावच्या एकपडदा थिएटरांमध्ये रॅमसेंनी जो प्रेक्षक मिळवला, त्याच्याशी हे पोस्टर त्याच्याच भाषेत बोलत होतं.

पाहण्याची सवय मोडण्याचं सूत्र इथेही आहे, फक्त ते मापात आहे. आपल्या जुन्या चित्रांमध्ये देव मोठा आणि भक्त लहान काढतात. जो मोठा, त्याची सत्ता. रॅमसेंच्या पोस्टरवर देवाच्या त्या जागी ‘पुराना मंदिर’मधल्या सामरी या सैतानाचं डोकं येतं, आणि माणसं त्याच्या हनुवटीखाली बोटभर उरतात. त्रिशूळ असतो, पण छोटा असतो. देवाची जागा सैतानानं बळकावली आहे, हे खेड्यातल्या प्रेक्षकाला शब्दाविना कळत होतं. या चित्रकारांची नावं पोस्टरवर सहसा नसत आणि मूळ चित्रंही फारशी जपली गेली नाहीत. ही आपल्या दृश्यसंस्कृतीची मोठी हानी आहे.

सगळं दाखवलं की काय होतं

सगळं दाखवणं म्हणजे घाबरवणं, असं मात्र नाही. २००७ साली ‘कॅप्टिव्हिटी’ या अमेरिकी चित्रपटाची मोठी होर्डिंगं लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर लागली. एका तरुणीचं अपहरण, कोंडणं, छळ आणि मृत्यू हे चार टप्पे चार चौकटींत दाखवले होते. लोक घाबरले नाहीत, संतापले. होर्डिंगं उतरवावी लागली, आणि चित्रपटाला प्रमाणपत्र देण्याची प्रक्रियाही तिथल्या संघटनेनं काही काळ थांबवली. चारही चौकटी भरून टाकल्यावर प्रेक्षकाच्या मनाला करायला काहीच उरलं नाही. उरली ती फक्त किळस. भीतीला पाहणाऱ्याचा सहभाग लागतो. किळसेला तो लागत नाही.

याच्या उलट ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’नं (१९९९) जवळजवळ काहीच दाखवलं नाही. चित्रपटातली तीन मुलं हरवली आहेत, अशी साधी पत्रकं त्यांच्या फोटोंसह वाटली गेली. पोस्टर पाहताना आपण ‘ही जाहिरात आहे’ असं मनात म्हणत असतो आणि त्या विचारामागे सुरक्षित असतो. हरवलेल्या माणसांच्या पत्रकावर मात्र आपण विश्वास ठेवतो. इथे मोडली ती कागदाचा प्रकार ओळखण्याची सवय.

आज पोस्टर भिंतीवरून मोबाइलवर आलं आहे. तीस बाय चाळीस इंचांची रचना अंगठ्याएवढ्या चौकोनात बसवावी लागते. नेटफ्लिक्सनं तर एकाच चित्रपटाची वेगवेगळी चित्रं वेगवेगळ्या प्रेक्षकांना दाखवत असल्याचं २०१७ सालीच सांगितलं होतं. एवढ्याशा जागेत छोटी बाबागाडी दिसणार नाही आणि पतंगाच्या पाठीवरची कवटी तर नाहीच. उरतो तो चेहरा, म्हणून आजच्या भयपटांची निम्मी पोस्टरं सारखीच दिसतात. निळसर काळी पार्श्वभूमी, पांढरा पडलेला चेहरा, डोळ्यांच्या जागी काळे खड्डे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा या प्रतिमेनं एक सवय मोडली होती. आता ती प्रतिमाच आपली सवय झाली आहे, म्हणून तिच्यातली भीती संपली.

मराठी भयपट करणाऱ्यांसाठी आणि त्यांची पोस्टरं करणाऱ्या तरुण डिझायनरांसाठी यात मोठी संधी आहे, असं मला मनापासून वाटतं. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी घडवलेला भयकथेचा वाचक आपल्याकडे आहे. वाड्याचा माजघरातला अंधार, परसातला आड, तिन्हीसांजेला लावलेला दिवा, उंबरठा, तुळशीवृंदावन, अंगणात काढलेली रांगोळी या सगळ्यांशी आपल्या नजरेच्या पक्क्या सवयी बांधलेल्या आहेत. त्यांतली एकच निवडावी आणि एकाच जागी मोडावी. दिव्याची सावली भलत्या बाजूला पडू द्यावी किंवा रांगोळीतली पावलं घराबाहेर जाताना दाखवावीत. परदेशी चित्रपटांवरून उचललेला काळ्या डोळ्यांचा चेहरा यापुढे कुणालाही घाबरवणार नाही. घराबाहेर निघालेली लक्ष्मीची पावलं मात्र मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाला कळतील आणि प्रत्येकाला घाबरवतील.